डबीला काय कळतं?

घर पाहावं बांधून, असं म्हणतात. म्हणणाऱ्याने स्वतः बांधलं होतं की नाही, कोण जाणे! मी मात्र निवृत्तीनंतर केनवडचं आमचं जुनं मातीचं घर पाडून नवं बांधायचा घाट घातला आणि पुण्याचा आर्किटेक्ट भाचा मदतीला धावला.

"मामा, आता घरं डेटावर बांधतात. आधी माहिती, मग नकाशा!"

त्याने खोलीखोलीत हालचाल टिपणाऱ्या डब्या चिकटवल्या. एकेक आमच्या गळ्यातही अडकवली. "डॉक्टरनं दिली का?" असं अर्ध्या गावानं विचारून घेतलं. महिनाभर आम्ही शाळातपासणीला साहेब आल्यासारखे वावरलो. देवघरात तर मी दोन वेळा जास्तच गेलो.

निकाल लागला. बैठकीच्या खोलीत माणूस क्वचितच फिरकतो. मामांचा मुक्काम ओसरीवर. आणि मामींची आवडती जागा म्हणजे स्वयंपाकघराचा उंबरठा! भाच्याने तिथे पाठ टेकायची सोय असलेलं आसन आखलंसुद्धा.

सौ. नकाशाकडे पाहत राहिली. "आवडती? तीस वर्सं ओसरीवर तुमचे पावणे बसले. मले बसाले दुसरी जागा होती कुठं?"

डबी खोटं बोलली नव्हती. बाई कुठे बसते, ते तिने चोख टिपलं. कुठे बसायचं होतं, ते तिला कळलं नाही. पण मलाही ते तीस वर्षांत विचारावंसं वाटलं नव्हतं. मग डबीला बोल कसा लावावा?

आकड्यांना हसू नये. २०११च्या जनगणनेत देशातल्या ६३ टक्के कुटुंबांकडे फोन होता आणि ५३ टक्के घरांच्या आवारात संडास नव्हता. नुसता आकडा वाचणारा म्हणेल, लोकांना संडासापेक्षा फोन प्यारा! पुण्याच्या 'शेल्टर असोसिएट्स' या संस्थेने तसं म्हटलं नाही. वास्तुरचनाकार प्रतिमा जोशी तिच्या एक संस्थापक. संस्था १९९३ सालची. त्यांनी झोपडवस्त्यांचे नकाशे उपग्रहचित्रांवर मांडले, पण घरोघर जाऊन माणसांना विचारलंही. संडास कुणाकडे नाही आणि मैलावाहिनी कुठवर आली आहे, हे एकाच नकाशावर दिसलं, तेव्हा घरागणिक संडास उभे राहू लागले.

हे सांगणारा भाचाच होता. सांगता सांगता तो ओशाळला. म्हणाला, "मामी, तुम्हाला काय हवं?"

ती बराच वेळ गप्प. सवय नव्हती ना! मग म्हणाली, "बसल्या जागेवरून रस्ता दिसला पायजे."

नव्या घरात आता तिची मोठी खिडकी रस्त्याकडे आहे. ती तिथे बसून एसट्या मोजते. मी स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून मेथी निवडतो. डबी असती, तर तिने बिनचूक नोंद केली असती : मामांची आवडती जागा!