सुट्या भागांच्या यादीत नसलेले

अमेरिकेतल्या पेंटबॉल खेळणाऱ्यांमध्ये ऑटोकॉकर या बंदुकीचा लौकिक दुहेरी आहे. ती मारते झकास आणि मालकाला रडवतेही तितकीच झकास. बड ऑर यांनी आधी स्नायपर नावाची पंपगन बनवली होती. तिच्यात दर गोळीमागे हाताने दांडा मागेपुढे करावा लागे. पुढे तिच्याच तोंडाशी हवेवर चालणारी छोटी यंत्रणा बसवून हे काम यंत्राकडे सोपवले गेले आणि ऑटोकॉकर तयार झाली. तिच्या चापाच्या एका ओढीत दोन कामे उरकतात. चाप थोडा मागे आला की सिअर नावाची खिटी निसटते, अडवून धरलेला हॅमर व्हॉल्व्हवर आदळतो आणि कोंडलेली हवा बोल्टच्या पोकळीतून जाऊन .६८ इंच व्यासाची, जिलेटिनच्या कवचातली रंगाची गोळी नळीबाहेर फेकते. चाप आणखी मागे गेला की पुढची थ्री-वे झडप फिरते, हवा रॅममध्ये शिरते, रॅम मागचा ठोकळा ढकलतो, ठोकळ्याला अडकवलेला बोल्ट मागे सरकतो, हॅमर पुन्हा ताणला जातो आणि मोकळ्या झालेल्या जागेत वरून दुसरी गोळी उतरते. चाप सोडला की बोल्ट पुढे येऊन ती जागा बंद करतो. हा तपशील कंटाळवाणा वाटेल, पण तो हवा. कारण या बंदुकीत अधिक चांगला बोल्ट बसवल्यावर जे घडते, त्याने भारतीय दर्शनांतल्या एका फार जुन्या भांडणावर उजेड पडतो, असे माझे म्हणणे आहे.

बोल्ट बदलणे हे काम तसे मिनिटाचे. ठोकळ्यातली पिन उपसायची, जुना धातूचा बोल्ट मागून ओढून काढायचा, ओ-रिंगांना वंगण लावून डेलरिनचा नवा बोल्ट आत सारायचा, पिन परत घालायची. डेलरिन हे टणक, गुळगुळीत प्लास्टिक. वजन कमी, घर्षण कमी, तेव्हा बंदूक सुधारणार ही अपेक्षा रास्तच आहे. पण बरेचदा ती आधी बिघडते. बोल्टच्या पोटाला असलेले भोक खालच्या व्हॉल्व्हच्या वाटेवर बरोबर यावे लागते. ते जरा पुढेमागे झाले तरी हवेची वाट अर्धवट झाकली जाते आणि गोळीचा वेग पडतो. म्हणून पंपाचा दांडा फिरवून ठोकळा नेमका कुठे टेकतो ते लावून घ्यायचे. रॅमला हवा देणारा कमी दाबाचा रेग्युलेटर जड बोल्टच्या हिशेबाने लावलेला असतो. त्याच दाबावर हलका बोल्ट जोराने झेपावतो आणि पुरती न उतरलेली गोळी मधोमध कापतो, की आत सगळा चिकट रंगच रंग. दाब उतरवावा, तर फार उतरल्यावर हॅमर ताणलाच जात नाही. मग टायमिंग. थ्री-वे हॅमर सुटण्याआधी फिरली तर बोल्ट उघडू लागल्यावर बार होतो आणि हवा गोळ्यांच्या नळीतून उलटी वर फुसकते. फार उशिरा फिरली तर चाप पार मागे ओढूनही बंदूक भरत नाही. शेवटी वेग मोजणाऱ्या क्रोनोग्राफसमोर उभे राहायचे. बहुतेक मैदानांवर वेग सेकंदाला ३०० फुटांच्या वर जाऊ देत नाहीत, त्यामुळे हॅमरची स्प्रिंग आणि मुख्य रेग्युलेटरही पुन्हा बघावा लागतो. भाग बदलला एक. हात लावावा लागला भलत्याच चार-पाच ठिकाणी, आणि तिथे नादुरुस्त असे काहीच नव्हते.

आता भांडण. मराठी वाचकाला नागसेन परका नाही. डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादेत काढलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव दिले आणि त्या परिसराला नागसेनवन म्हणतात. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात हा भिक्षू ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, की तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? दांडी, जू, लगाम? हे सगळे मिळून रथ का? की या सगळ्यांहून वेगळे काही? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ हे भागांच्या आधाराने ठेवलेले नुसते नाव ठरते, आणि नागसेन हेही तसेच एक नाव. त्या नावामागे कोणी आत्मा बसलेला नाही. ही युक्ती इतकी सफाईदार आहे की दोन हजार वर्षांनंतरही वाचणारा राजाच्या बाजूने ‘नाही, भंते’ म्हणत जातो. मला वाटते, राजा एका ठिकाणी फार लवकर ‘नाही’ म्हणाला. ‘सगळे मिळून’ या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या आहेत. अंगणात ओतलेला भागांचा ढीगही ‘सगळे मिळून’ असतो आणि जोडलेला रथही. ढिगाबद्दलचे उत्तर राजाने रथालाही लावून टाकले.

ऑटोकॉकरमध्ये हा फरक रथापेक्षा स्वच्छ दिसतो, कारण ढिगाची गरजच पडत नाही. दोन बंदुका घ्या. दोन्हींत तेच भाग, त्याच जागी, तशाच पिना आणि स्क्रूंनी बसवलेले. एकीचे टायमिंग लागलेले, दुसरीचे नाही. सुट्या भागांची यादी केली तर अक्षराचा फरक पडणार नाही. टेबलावर शेजारी ठेवल्या तर जाणकारालाही पाहून सांगता येणार नाही. पण एक गोळीमागून गोळी जवळपास एकाच वेगाने फेकते आणि दुसरी गोळ्या चावते. जो फरक क्रोनोग्राफवर आकड्यात उमटतो तो नुसत्या नावाचा असू शकत नाही. दोन्हींना आपण एकच नाव देतो, फरक नावात नाहीच. तो कुठल्या एका भागातही नाही. तो भागांच्या एकमेकांशी असलेल्या जुळणीत आहे, आणि ही जुळणी यादीत कुठल्याच ओळीवर लिहिता येत नाही. बोल्ट ‘चांगला’ असणे हीसुद्धा बोल्टच्या मालकीची गोष्ट नाही. जुन्या दाबावर तोच हलकेपणा दोष आहे आणि नव्या दाबावर गुण.

बौद्ध पंडित यावर हसेल. तो म्हणेल, तुम्ही माझेच म्हणणे मला ऐकवता आहात. अमुक दाब, अमुक अंतर, अमुक क्षण अशी कारणे एकत्र आली की अमुक कार्य घडते, यालाच तर आम्ही प्रतीत्यसमुत्पाद म्हणतो. यात ‘बंदूक’ नावाचे वेगळे सत्त्व कुठे दिसले? आक्षेप खरा आहे आणि त्याला बगल देता येत नाही. वेगळे सत्त्व दिसलेले नाही. पण मग भागांनाही तीच फूटपट्टी लावा. बंदुकीबाहेर काढलेला बोल्ट म्हणजे भोके पाडलेली प्लास्टिकची नळी. त्याला बोल्टपण येते ते व्हॉल्व्ह, ठोकळा आणि गोळी यांच्याशी असलेल्या नात्यातून. अभिधर्माच्या जुन्या पठडीत भाग खरे आणि समग्र मात्र व्यवहारापुरते, अशी उतरंड होती. ही उतरंड टिकत नाही. नागार्जुनांनी ती मोडलीच. त्यांच्या लेखी भाग आणि समग्र दोन्ही सारखेच निःस्वभाव. इथवर मी त्यांच्याबरोबर जायला तयार आहे. स्वतःच्या बळावर उभे नसणे वेगळे आणि नुसते नाव असणे वेगळे, एवढेच मला त्यात जोडायचे आहे. जुळणी परावलंबी आहे, नाशवंत आहे, आणि तरी ती लागली आहे की नाही हे आपल्या मर्जीवर नाही.

समोरच्या बाकावर नैयायिक बसलेले असतात. न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवी, म्हणजे भागांहून वेगळा असा समग्र पदार्थ, सिद्ध करताना एक फार देखणा पुरावा दिला आहे: वस्तू एका टोकाला धरून ओढली तर सगळी येते. ढीग असा ओढता येत नाही. हा पुरावा मला नागसेनाच्या रथापेक्षाही आवडतो, कारण तो हाताने तपासता येतो. पण त्यावरून नैयायिक आणि वैशेषिक जिथे पोचतात तिथे मला जाववत नाही. त्यांच्या मते अवयवी हे नवेच द्रव्य आहे. वस्त्रातला एक धागा काढला तर जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या धाग्यांतून दुसरे उत्पन्न होते. या हिशेबाने पिन उपसून बोल्ट बाहेर काढला त्या क्षणी ऑटोकॉकर मेली, आणि नवा बोल्ट बसला तेव्हा दुसरी जन्मली. बरे, जन्मली ती कुठल्या क्षणी? पिन बसली तेव्हा, की टायमिंग लागले तेव्हा? द्रव्याला असण्या-नसण्याच्या मधली जागा नसते. जुळणीला असते. ती थोडी लागते, बरीच लागते, उत्तम लागते. ओ-रिंग सुकत गेली की एकही भाग न हरवता हळूहळू सुटते. शिवाय तराजूचा जुना आक्षेप आहेच: अवयवी हे वेगळे द्रव्य असेल तर भागांच्या वजनावर त्याचे वजन वाढायला हवे होते, आणि ते वाढत नाही.

सातव्या शतकाच्या सुमारास बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी अवयवीवर केलेला हल्ला इथे आठवल्याशिवाय राहत नाही. अवयवी जर एक असेल तर एक भाग हलल्यावर सगळा हलायला हवा, एक भाग झाकल्यावर सगळा झाकला जायला हवा, आणि एका भागाला रंग लागला तर सगळा रंगायला हवा, असे ते विचारतात. गंमत अशी, की पेंटबॉलच्या मैदानावर पंच नेमके हेच मानतो. बुटाच्या टोकाला गोळी फुटली काय किंवा हातातल्या बंदुकीवर फुटली काय, बहुतेक नियमांनुसार अख्खा खेळाडू बाद. अर्थात याने धर्मकीर्तींचे खंडन होत नाही. हा माणसांनी केलेला ठराव आहे. उद्या बंदुकीवरचा रंग माफ केला तर खेळाडूच्या अस्तित्वात फरक पडणार नाही. ठरावाने आलेला समग्र आणि जुळणीने आलेला समग्र यांत अंतर कुठे आहे, हे दाखवायला मात्र तो उपयोगी पडतो: ठराव बैठकीत बदलता येतो, टायमिंग बैठकीत बदलत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला व्यवहारातला. टिपमनच्या ९८ कस्टमसारख्या साध्या बंदुका आहेत, त्यांतले बरेच सुटे भाग नुसते टाकून चालतात, लावणे-जुळवणे काही नाही. मग जुळणीचे हे पुराण एका नखरेल यंत्रापुरतेच नाही का? नाही. तिथे जुळणी आधीच कारखान्यात झालेली असते. बनवणाऱ्याने भागांच्या मापांत पुरेशी सूट ठेवून ती भागांच्या आकारातच बंद केली आहे. काम दिसत नाही एवढेच. तयार सुराची हार्मोनियम वाजवणाऱ्याला सूर लावावा लागत नाही, म्हणून सूर नसतो असे कोणी म्हणत नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ‘लागलेली’ आणि ‘न लागलेली’ ही भाषाच माणसाच्या हेतूची आहे. गोळी कापणारी बंदूक निसर्गाच्या दृष्टीने काही चुकत नाही, तेव्हा समग्र शेवटी वापरणाऱ्याच्या मनातच राहतो. याला आधारही आहे. खेळात पहिल्यांदा वापरली गेलेली नेल-स्पॉट ००७ ही बंदूक नेल्सन पेंट कंपनीसाठी डेझी कंपनीने बनवली होती, ती वनखात्याच्या माणसांना झाडांवर आणि गुराख्यांना जनावरांवर खुणा करता याव्यात म्हणून. २७ जून १९८१ रोजी न्यू हॅम्पशरमधल्या हेनिकर गावी बारा जणांनी तिच्यावर पहिला खेळ खेळला तेव्हा तिच्यातला एक स्क्रूही बदललेला नव्हता, पण वस्तूचे प्रयोजन पार पालटले होते. (त्या दिवशी जिंकलेल्या रिची व्हाइट यांनी एकही गोळी झाडली नव्हती. ते पेशाने जंगलात काम करणारे.) मान्य, प्रयोजन आपले असते, आणि प्रयोजनापुरता नागसेन बरोबर आहे. पण जुळणी प्रयोजनाहून वेगळी आहे. झाडावर खूण करायची असो की माणसावर, व्हॉल्व्ह उघडण्याआधी गोळी बंद जागेत बसलेली असावीच लागते. हेतू आपण ठरवतो. तो साधण्यासाठी कशाने कशाशी कसे जुळावे, हे आपण ठरवत नाही, शोधून काढतो.

नागसेनाला रथाची पर्वा नव्हती; त्याला माणसाबद्दल बोलायचे होते. तेव्हा माझ्या म्हणण्याने आत्मा परत येतो का? येत नाही. नैयायिकांना अवयवीच्या युक्तिवादाचा इथे काडीचा उपयोग नाही, कारण त्यांचा आत्मा निरवयव आणि नित्य आहे. भागांच्या जुळणीतून जे उभे राहते ते आत्मा असूच शकत नाही. जुळणीतून मिळतो तो देह, सवयी, स्मृती, नाती यांचा बनलेला, नाशवंत पण खराखुरा माणूस. अनात्मवाद जिथल्या तिथे राहतो. ‘नुसते नाव’ हा शेरा तेवढा मागे घ्यावा लागतो. मात्र याची किंमत आहे, आणि तीच माझ्या मते सर्वांत कठीण शंका. जुळणी कमीअधिक असू शकते असे मी म्हटले. मग स्मृती विस्कटलेला म्हातारा कमी माणूस ठरतो का? समग्राच्या खरेपणावर त्याचा मान उभारला तर ते टळत नाही. म्हणून तो तिथे उभारू नये, आणि इथे वाट दाखवतात ते पुन्हा बौद्धच. शांतिदेवांनी ‘बोधिचर्यावतारा’च्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की दुःखाला मालक सापडला नाही तरी ते निवारायचेच, कारण ते दुःख आहे. म्हाताऱ्याच्या वेदनेला त्याची जुळणी किती शाबूत आहे हे विचारावे लागत नाही. बंदुकीला दुखत नाही; त्यामुळे या प्रश्नावर तिच्याकडून शिकण्यासारखे काही नाही.