नोंदीवरून नियम

एखाद्या मनुष्यानें काय केलें याची बिनचूक नोंद हातीं आली, म्हणजे त्यानें काय करावें असा नियम होता हेंही कळलें, असें म्हणतां येईल काय? धर्मशास्त्राच्या अभ्यासकांस हा प्रश्न नवा नाहीं. पण आमच्यापुढें तो मध्यंतरीं आला तो अगदींच अनपेक्षित दिशेनें. आमचा एक जुना विद्यार्थी आतां संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय करतो. तो घरीं आला असतां आपल्या कामांतील एक अडचण सांगूं लागला, आणि ती ऐकतां ऐकतां आम्हांस जैमिनीची आठवण झाली.

अडचण समजण्यापुरती थोडी तांत्रिक माहिती वाचकांनीं सहन करावी. ‘सी’ किंवा ‘सी प्लस प्लस’ या भाषांत लिहिलेला मजकूर यंत्रास जसाच्या तसा कळत नाहीं. कंपायलर नांवाचा दुभाषी त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करतो. या दुभाष्यास प्रत्येक फाइलीबरोबर कांहीं सूचना द्याव्या लागतात: जोडीच्या ‘हेडर’ फायली कोणत्या कप्प्यांत शोधाव्या, भाषेचें कोणतें प्रमाण मानावें, इत्यादि. सूचना बदलल्या कीं त्याच मजकुराचा अर्थ बदलूं शकतो. मोठ्या प्रकल्पांत फायली हजारों असतात, म्हणून सूचना वाटण्याचें काम ‘मेक’सारख्या कारभाऱ्याकडे सोंपवितात. हा ‘मेक’ १९७६ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत स्टुअर्ट फेल्डमन यांनीं लिहिला. त्याचें नियमपत्र, म्हणजे ‘मेकफाइल’, इतक्या हातांनीं वाढत जातें कीं, अमक्या फाइलीस शेवटीं कोणत्या सूचना मिळतात हें तें नुसतें वाचून सांगणें खुद्द लिहिणारासही कठीण जावें.

आतां, लिहितां लिहितांच चुका दाखविणारे जे मदतनीस निघाले आहेत (‘क्लँगडी’ हा त्यांतलाच एक) त्यांस याच सूचना हव्या असतात. नियमपत्र वाचून त्या कळत नाहींत, तेव्हां युक्ति निघाली ती अशी कीं, प्रकल्प एकदां बांधावा, बांधतांना झालेल्या कामाची दैनंदिनी, म्हणजे ‘लॉग’, पाहावी, आणि तीवरून सूचनांची फाइल यंत्रानेंच तयार करावी. तींत मुख्य रकाने तीन: कोणता कप्पा, कोणती फाइल, कोणती आज्ञा. ‘कंपाइलडीबी’ हें साधन ‘मेक’चा छापील लॉग वाचून हें काम करतें. ‘बेअर’ हें दुसरें साधन छापील शब्दावर विसंबत नाहीं. बांधकाम चालू असतां प्रत्यक्ष कोणास बोलावणें गेलें हें तें दाराशीं उभें राहून टिपतें. लिनक्सच्या गाभ्यांत तर प्रत्येक तयार तुकड्याशेजारीं त्याची आज्ञा एका लपलेल्या फाइलींत राहते, व मागाहून एक छोटी आज्ञावली त्या साऱ्या वेंचून एकत्र करते. युक्ति खरोखर सुंदर आहे.

मात्र नोंद जें घडलें तेवढेंच बोलते. ‘मेक’चा सारा गुण त्याच्या आळसांत आहे, ज्या फायली बदलल्या नाहींत त्यांस तो पुन्हा हात लावीत नाहीं. म्हणून अर्धवट बांधकामाच्या लॉगांत त्या नसतातच, आणि नवख्यास वाटतें, प्रकल्पच तेवढा! हेडर फायली सहसा स्वतंत्रपणें कंपायलरपुढें जात नाहींत, त्यामुळें त्यांची नोंद सांपडत नाहीं. ‘क्लँगडी’ शेजारच्या सारख्या नांवाच्या फाइलीवरून अंदाज करतो. या उणिवांवर उपाय आहेत, आणि त्यांत आम्हांस फारसें स्वारस्य नाहीं. आमचें लक्ष वेधलें तें पूर्ण व बिनचूक नोंदींतही राहणाऱ्या उणिवेनें.

विद्यार्थ्याची अडचण तीच होती. त्याच्या कार्यालयांत एका जुन्या प्रकल्पाचें नियमपत्र टाकून देऊन नवी व्यवस्था रचली गेली, ती लॉगांतून निघालेल्या फाइलीवरून. एका विभागाच्या प्रत्येक आज्ञेंत ‘डॅश डब्ल्यू’ ही सूचना होती. तिचा अर्थ, कंपायलरनें इशारा म्हणून देऊं नये. मुदत जवळ आली असतां गोंगाट नको म्हणून कोणीं तरी ती एका रात्रीपुरती घातली होती. नव्या मंडळींनीं ती नियम म्हणून उचलली. आणि जिच्याकडे कंपायलरनें पहिल्याच दिवशीं बोट दाखविलें असतें, ती चूक दोन वर्षांनीं ग्राहकाच्या हिशेबांत सांपडली.

मीमांसकांनीं नेमका हाच प्रश्न हाताळला आहे. शिष्ट लोक एखादा आचार पाळतात, पण त्याचें वेदवचन आढळत नाहीं. तर आचारावरून वचनाचें अनुमान करावें काय? जैमिनीच्या पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादांत उत्तर सामान्यतः ‘होय’ असेंच आहे. पण त्यास एक अपवाद आहे, आणि आमच्या मतें सारें मर्म त्या अपवादांत आहे. कृतीमागें लोभासारखा उघड हेतु दिसत असेल, तर तेथें वचन कल्पूं नये. शबरस्वामी उदाहरण देतात तें वैसर्जन होमाच्या वस्त्राचें. तें अध्वर्यूनें घ्यावें असें स्मृति सांगते. पण कोणा लोभी ऋत्विजानें घेतलें व पुढें तोच पाठ पडला, असें मानणें अधिक सयुक्तिक. अध्वर्यु वस्त्र घेतो, ही नोंद खरीच आहे. त्या घेण्यामागें विधि होता कीं लोभ, हें तिच्यांत लिहिलेलें नसतें. ‘डॅश डब्ल्यू’ त्याच वस्त्राच्या जातीची.

यावर विद्यार्थ्यानें आक्षेप घेतला, व तो रास्त होता. “सर, मदतनीसाला नियम हवाच कशाला? कंपायलरनें जें पाहिलें तेंच त्यानें पाहावें, बस्स.” आम्हीं तें मान्य केलें. नोंद आरसा म्हणून वापरली जाते तोंवर तींत दोष नाहीं. दोष शिरतो तो आरसाच कित्ता म्हणून गिरविला जाऊं लागतो तेव्हां, आणि त्या दिवसाची दवंडी कोणी पिटीत नाहीं. हा कांहीं यंत्राचाच अपराध नव्हे. मेकफाइलींत आज्ञेची ओळ ‘टॅब’नेंच सुरू झाली पाहिजे, हा जाचक नियम असाच रुजला. थोड्याच आठवड्यांत ‘मेक’ वापरणारे डझनभर लोक झाले, बहुतेक मित्रच, आणि त्यांची घडी मोडूं नये म्हणून फेल्डमन यांनीं तो तसाच राहूं दिला. सारें जग अजून टॅब दाबीत आहे! पण फेल्डमन यांनीं कारण सांगितलें आणि तें नोंदलें गेलें. लॉगास कारण कोणीं विचारावें?

मग प्रत्येक चमत्कारिक सूचनेशेजारीं तिचें कारण लिहून ठेवावें, असें आम्हीं सुचविलें. त्यानें फाइल उघडून दाखविली. ती ‘जेसन’ पद्धतीची, आणि त्या पद्धतींत टीप लिहिण्यास जागाच नाहीं.

“मग नियमपत्रांत लिही,” आम्ही म्हणालों.

“तें तर आम्हीं टाकून दिलें, सर.”

आतां तो नवें नियमपत्र हातानें लिहीत आहे, आणि एकेका सूचनेसाठीं जुन्या मंडळींस फोन करीत आहे. ‘डॅश एफ नो स्ट्रिक्ट अलायसिंग’ या सूचनेपाशीं सध्यां तो अडला आहे. ती घालणारे गृहस्थ नोकरी सोडून गेले आहेत, आणि ती काढून पाहण्याचें धैर्य कोणास होत नाहीं.