लाल पुसलेलं वर्तुळ

कचारगडाची गुहा पाहून धनेगावकडे उतरताना भाचीच्या डोक्यात एकच विषय होता: स्पिटफायर की हरिकेन? ती नागपूरला इंजिनिअरिंग शिकते. बाल्सा, ब्रशलेस मोटर, सर्वो, बॅटरी, रिमोट, एवढ्यापुरते पैसे साठलेत. दुसऱ्या महायुद्धातलं एक लढाऊ विमान एक-अष्टमांश मापात बांधायचं आणि धान कापून झालं की गावच्या बांधीत उडवायचं. दोन विमानं परवडणार नाहीत. परवडली असती तर वादच झाला नसता.

"मामाजी, मन स्पिटफायरवर आहे. तसा पंख दुसऱ्या कोणाचा नाही."

"नाहीच. पण तो लंबगोल कापायला बसशील तेव्हा कळेल. हरिकेनचा पंख सरळ निमुळता होत जातो. दोन टोकांना दोन फर्मे लाव, मधे चकत्या दाब आणि एकदम तास. मागचं धड तर खऱ्या विमानातसुद्धा लाकडी पट्ट्यांवर ताणलेलं कापड. तू घरी जे करशील, तेच त्यांनी कारखान्यात केलं."

"सोपं आहे म्हणून निवडू?"

"उतरवशील कुठे ते बघ आधी. बांधीत धसकटं, चारी बाजूंनी धुरे. स्पिटफायरचे पाय धडाजवळ बसवलेले, बाहेरच्या बाजूला दुमडणारे. चाकं जवळजवळ येतात. जरा तोल गेला की पंखाचं टोक मातीत. हरिकेनचे पाय लांब लांब, आत दुमडणारे. ते ऐसपैस उभं राहतं."

"हे सगळं यंत्राचं झालं. यंत्रापुरतंच बघायचं तर शिकाऊ फोमचं विमान सगळ्यात शहाणं. मला लढाऊच का हवं, ते विचारा ना."

"विचारलं."

"बिरसीच्या धावपट्टीमुळे. लहानपणापासून तिथली शिकाऊ विमानं डोक्यावरून जाताना बघते. ती धावपट्टी इंग्रजांनी 1940 मध्ये युद्धासाठी बांधली, हे मला कॉलेजात गेल्यावर कळलं. गोंदियात युद्ध आलंच नव्हतं, असंच वाटायचं. मग शोधत गेले. 1944 मध्ये इंफाळला वेढा पडला, तेव्हा अर्जन सिंगांच्या हाताखालची भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन तिथून हरिकेन उडवत होती. म्हणजे डोळे स्पिटफायरवर, पण नातं हरिकेनशी."

इथेच गप्प बसलो असतो तर हरिकेन ठरलं असतं. पण शिक्षकी पेशात आयुष्य गेलेल्या माणसाला ठरलेली गोष्ट उसवल्याशिवाय चैन पडत नाही.

"नातं म्हणतेस, तर खाली कोण होतं ते सांग."

"जपानी."

"आणि त्यांच्या सोबत आझाद हिंद सेना. 14 एप्रिल 1944 ला मोइरांगला तिरंगा लावला तो त्यांनी. वर विमानात आपला माणूस, खाली डोंगरात आपलाच माणूस."

"मग काय, जपानी बांधू? झीरो?"

"झीरो त्यांच्या नौदलाचं. इंफाळवर यायचं ते लष्कराचं हायाबुसा. लोक सरसकट सगळ्यांना झीरो म्हणतात. पण त्यांचं चिन्ह रंगवताना तुझा हात थरथरणार नाही? 1942 च्या डिसेंबरात कोलकात्यावर बॉम्ब टाकले त्यांनी. अंदमानात आपल्या माणसांचे हाल केले."

"असं असेल तर नॅट! स्वतंत्र भारताचं, निर्मलजित सिंग सेखोंचं. श्रीनगर, 14 डिसेंबर 1971. त्यात कुठे दोन बाजू आहेत?"

"नॅटचा खरा पंखच पावणेसात मीटरचा. त्याचं मॉडेल म्हणजे डक्टेड फॅन, इवलासा पंख आणि भलता वेग. बांधीत उतरवायचा तर तुकडे गोळा करायला पोतं घेऊन यावं लागेल."

"म्हणजे जे निष्कलंक ते आपल्या बांधीत उतरत नाही," ती हसली. मग म्हणाली, "पण मामाजी, तुम्ही वैमानिकांवर अन्याय करता. इंफाळला अर्जन सिंग पंचविशीत. त्या पोरांनी युद्ध मागितलं नव्हतं. आपले हृषीकेश मुळगावकर बघा. आधी ब्रह्मदेशाची आघाडी, मग 1947-48 ला काश्मीर, महावीरचक्र, शेवटी हवाई दलप्रमुख. इंग्रजांच्या चाकरीत शिकलेला हातच देशाच्या कामी आला ना?"

"आला. आणि आझाद हिंदच्या जवानांना स्वतंत्र भारताच्या लष्करात परत घेतलं नाही. तेही त्याच हिशेबात लिही."

"मग विमान पांढरंच ठेवते. ना चिन्ह, ना नंबर."

"मग ग्लायडर बांध की! हुबेहूब मॉडेल म्हटलं की ते कोणत्या तरी एका विमानाचं असतं. त्याला रंग लागतो, चिन्ह लागतं."

चिन्हावरून तिला आठवलं. इंग्रजांच्या विमानांवरच्या वर्तुळात मधोमध लाल ठिपका असायचा. पूर्वेच्या आघाडीवर तो काढून टाकला आणि फक्त निळ्याच्या दोन छटा ठेवल्या. जपान्यांचा सूर्य लाल. घाईत लाल दिसलं की आपलाच तोफची आपल्याच विमानावर गोळी झाडायचा.

"आकाशात ते जमलं," मी म्हटलं. "जमिनीवर कोणता रंग पुसणार होते?"

"म्हणूनच ते वर्तुळ लावायचं. कोणी विचारलं, मधलं लाल कुठे गेलं, तर सगळं सांगता येईल. स्पिटफायर बघून लोक सुंदर म्हणतील आणि पुढे जातील."

हा मुद्दा मला सुचला नव्हता. मान्य केला, पण पूर्ण पटला असं नाही. विमान उडताना पाहणारा प्रश्न विचारत नाही, टाळ्या वाजवतो.

"पहिलं उड्डाण इथेच करू का? मागे गुहा, काय व्हिडिओ येईल!"

"इथे नको. माघ पौर्णिमेला केवढी माणसं येतात, बघितलंस ना? पारी कुपार लिंगोने गुहेत कोंडलेली मुलं सोडवली, ती हत्याराने नाही. हिरासुका पाटारीच्या वाद्याने त्यांना बळ आलं, दगड सरकला, आणि वाजवणाराच त्या दगडाखाली गेला, असं गोंड सांगतात. त्यांच्या देवस्थानावर तोफांचं विमान कशाला? आणि बिरसीच्या आसपास तर नावच काढू नकोस."

"बांधीतच मग. पण तोफा लावायच्या. हरिकेन टू-सी, पंखात चार, 20 मिलिमीटरच्या. नळ्या बाहेर डोकावतात."

"धसकटात पहिल्या दिवशी मोडतील. त्याशिवाय उडव."

"त्याशिवाय ते नुसतं छान विमान होतं. तुम्हीच म्हणालात, ग्लायडर बांध."

दरेकशाच्या गाडीला वेळ होता. तिने वहीत पंखाचं माप काढलं: दीड मीटरच्या वर दोन सेंटिमीटर. मग रिबचा फर्मा काढायला घेतला. नळ्यांचं भांडण अजून मिटलेलं नाही. मी म्हणतो चुंबकाने बसव, पडल्या तरी पंख वाचेल. ती म्हणते, पडणाऱ्या तोफा कोणाच्या विमानाला होत्या?