वाचले ना मी?

माझ्या थोरल्या बहिणीच्या गळ्यावर एक बारीक आडवी रेघ आहे. साठी झाली म्हणून भाच्याने तिची ‘संपूर्ण तपासणी’ करवली. तिला होत काहीच नव्हतं. सोनोग्राफीत थायरॉइडमध्ये छोटी गाठ दिसली, सुईने तपासली, कर्करोग निघाला, ग्रंथी काढली. आता रोज उपाशीपोटी गोळी. ‘वेळेवर सापडलं म्हणून वाचले,’ असं ती आल्यागेल्याला सांगते.

दक्षिण कोरियात असं सांगणारी हजारो माणसं असतील. तिथे १९९९ साली सरकारी कर्करोग-तपासणी सुरू झाली. थायरॉइडची सोनोग्राफी तिच्यात नव्हती, पण थोडे जादा पैसे घेऊन दवाखाने तीही करून देऊ लागले. २०११ मध्ये थायरॉइडच्या कर्करोगाचं निदान १९९३ च्या १५ पट झालं. त्याने मरणाऱ्यांचं प्रमाण मात्र होतं तिथेच राहिलं. सापडलेल्या बहुतेक गाठींनी कुणाचा जीव घेतलाच नसता.

ज्याला खरोखर जीवदान मिळालं आणि ज्याची ग्रंथी उगाच गेली, त्या दोघांची हकीकत अक्षरशः एकच असते. दोघेही डॉक्टरांचे उपकार मानतात. कोण कुठला, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. फरक दिसतो तो लाखो माणसांच्या हिशेबात.

तपासण्याच नकोत असं मात्र मी म्हणणार नाही. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने दीड लाख बायकांचा अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्या गर्भाशयमुखाला व्हिनेगरसारखं द्रावण लावून डोळ्यांनी पाहत. त्या कर्करोगाचे मृत्यू सुमारे ३१ टक्क्यांनी घटले. पण हे कळलं, कारण तुलनेसाठी निम्म्या बायकांची तपासणी केलीच नव्हती. त्यावर पुष्कळ टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. आपल्याला मिळालेल्या ज्ञानाची किंमत त्यांच्यातल्या काहींनी जिवाने मोजली.

गेल्या दिवाळीत बहिणीने विचारलं, ‘वाचले ना रे मी?’ मी हो म्हणालो. खोटं बोललो का, ते मला ठाऊक नाही. हा आकडा तिला सांगायला हवा होता तो सोनोग्राफीच्या आधी. आता तो तिच्या काय कामाचा?

भाचा हल्ली माझ्यामागे लागलाय. यादी लांबलचक आहे. यातली कुठली तपासणी कशासाठी, असं विचारलं तर म्हणाला, ‘मामा, पॅकेज आहे ते. सुटं केलं तर महाग पडतं.’