पब्लिक म्हणजे कोण?

भिलाई या पोलादनगरीच्या सेक्टर 10मधल्या मराठी घरांत 'पब्लिक' हा शब्द दोन लिंगांत नांदतो. रस्त्यावर हिंदीत 'पब्लिक आ गई', आणि घरी आल्यावर 'काय पब्लिक जमलं होतं!' नाम म्हणून त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: लोक, गर्दी, आपणच. विशेषण झालं की मात्र तो हातातून निसटतो. ज्या 'पब्लिक सेक्टर'ने हे गाव वसवलं, त्यातलं पब्लिक कोण?

लॅटिनमध्ये लोकांना 'पॉप्युलस' म्हणत, त्यावरून हे विशेषण आलं. पुढे प्रौढ पुरुषांसाठी असलेल्या 'प्यूबेस' या शब्दाच्या प्रभावाने त्याचं रूप बदललं, असं भाषाभ्यासक मानतात. म्हणजे लोकांमधून काहींना निवडून बाजूला काढण्याची सवय या शब्दाला जुनीच आहे. इंग्लंडमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणजे भरपूर फी घेणारी शाळा. मुलगा कुठल्याही गावचा असला तरी चाले, म्हणून ती पब्लिक. सेक्टर 10ची शाळा पोलाद कारखान्याने काढली, तिच्या नावात मात्र 'पब्लिक' नाही, 'बीएसपी' म्हणजे भिलाई स्टील प्लांट आहे. हा कारखाना चालवणाऱ्या 'सेल' या कंपनीत सरकारचा वाटा 65 टक्के, म्हणून ती पब्लिक सेक्टरमधली. आणि उरलेले शेअर बाजारात गेले तेव्हाही ते पब्लिककडे गेले असंच म्हणतात. एकच विशेषण एकदा सरकारकडे बोट दाखवतं, एकदा सरकारबाहेरच्यांकडे.

मराठीने याला 'सार्वजनिक' हा प्रतिशब्द दिला आणि त्यात स्वतःचं बरंच काही ओतलं. 1870 साली पुण्यात पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायचं तर किमान 50 प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणावं लागे. सुरुवातीच्या 95 सभासदांमागे अशी सुमारे 6,000 माणसं होती. मला हा नियम विलक्षण वाटतो. निवडणुका नसलेल्या काळात या माणसांनी ठरवलं, की लोकांच्या वतीने बोलायचं तर आधी लोकांची सही हवी. गणेश वासुदेव जोशी तर 'सार्वजनिक काका' म्हणूनच ओळखले गेले. अर्थात सभेत सरदार, सावकार, वकील यांचाच भरणा. या शब्दाचं दार खरं उघडलं जोतीराव फुल्यांनी. त्यांच्या निधनानंतर 1891 साली आलेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात प्रत्येक स्त्री-पुरुषाला त्यात जागा आहे.

'सरकारचं' आणि 'लोकांच्या सहीचं', भिलाईत या दोन अर्थांची गाठ पडली नाही. 2 फेब्रुवारी 1955ला कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला, 4 फेब्रुवारी 1959ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. हे काम सरकारनेच करायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. देशभर रेल्वेचे रूळ पुरवणारा कारखाना, दवाखाना, शाळा, झाडं लावलेले रुंद रस्ते, हे सगळं लोकांच्या नावाने झालं आणि पुष्कळ अंशी लोकांसाठीही. पण सही कुणाची घेतली? गावांच्या जमिनी गेल्या आणि तिथे आकड्यांचे सेक्टर आले. क्वार्टर कंपनीचं, नोकरी संपली की ते सोडायचं, मग रिसाली, स्मृतीनगर किंवा थेट नागपूर. 'पब्लिक'चा अर्थ सरकार, सरकारचा अर्थ कंपनी, आणि कंपनीचा अर्थ हजेरीपटावर कायम असलेला माणूस, असा तो घरंगळत गेला. ठेक्यावर राबणारा त्या अर्थाच्या बाहेरच राहिला.

भिलाईचं लोहखनिज दल्ली-राजहराच्या खाणींतून येतं. तिथल्या ठेका कामगारांनी 1977 साली कामगार नेते शंकर गुहा नियोगींसोबत स्वतःची संघटना बांधली. 1991च्या सप्टेंबरात नियोगींचा भिलाईतच गोळी घालून खून झाला. पण त्याआधी, 1983 साली, या कामगारांनी आपल्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल सुरू केलं. ते ना सरकारी, ना शेअर बाजारातलं. कायद्याच्या भाषेत त्याला पब्लिक सेक्टर म्हणता येणार नाही. पुण्यातल्या त्या मुखत्यारपत्राच्या अर्थाने मात्र ते सार्वजनिकच आहे. इथे सहीऐवजी खाणीतल्या मजुरीचे पैसे होते, आणि देणाऱ्यांमध्ये बायकाही होत्या.