वेदनेचा दाखला

पुराव्यावांचून विश्वास ठेवूं नये, असें आम्हीं तर्कशास्त्राच्या वर्गांत वर्षानुवर्षें शिकविलें. एका विद्यार्थ्यास उजेड सोसेना; ती सबब मानून आम्हीं दाखला मागितला आणि त्यास मुद्दाम खिडकीशीं बसविलें.

पुढें अर्धशिशी आमच्याच वांट्यास आली. सुश्रुतानें अकरा शिरोरोगांत अर्धावभेदकाबरोबर सूर्यावर्तहि गणला आहे. सूर्य चढेल तसा हा चढतो. छत्रपति संभाजीनगरच्या वैशाखांत, मकबऱ्याच्या शुभ्र घुमटापुढें, निरोगी डोळाहि दिपतो. मग आमचा काय पाड! ज्वर पाऱ्याला कळतो. अर्धशिशीचें निदान मात्र आजचें वैद्यकहि मुख्यतः रोग्याच्या शब्दावरच करतें. म्हणजे येथें शब्द हाच पुरावा, आणि तोच आम्हीं नाकारला होता.

आतां आम्ही खिडक्या लावून पडतों. घरचीं माणसें दबक्या पावलांनीं वावरतात, न सांगतां दिवा मालवितात. दाखला कोणी मागत नाहीं.