फेब्रुवारीतली जमीन

उत्तर अमेरिकेच्या थंड पट्ट्यात, म्हणजे व्हरमाँट, मिनेसोटा, ओंटारिओ, क्वेबेक या भागांत, दफनाची जागा हयातीतच घेऊन ठेवण्याची रीत जुनी आहे. दफनभूमीच्या कचेरीतून नकाशा मिळतो, मोकळे प्लॉट कोणते ते कळते, आणि नवरा-बायको जोडीने हिंडून पसंती करतात. हे मेपलचे झाड बरे, इथून तळे दिसते, तिकडे मात्र उतार फार. ही पाहणी बहुधा हवा चांगली असतानाच होते, कारण बर्फ पडल्यावर पाहण्यासारखे काही उरत नाही. माझे म्हणणे असे, की बर्फ असतानाच ती करायला हवी. जिथे वर्षातले चार-पाच महिने जमीन दगडासारखी असते, तिथे जागेची परीक्षा फेब्रुवारीतल्या एखाद्या वाईट आठवड्यावर करावी: गुडघाभर बर्फ, खाली गोठलेली माती आणि खांदा द्यायला आलेल्यांत एक-दोघे सत्तरी ओलांडलेले. त्या दिवशी जी जागा अडत नाही ती चांगली. झाड आणि तळे हा वरचा नफा.

उन्हाळी डोळ्यांनी जागा निवडण्याची ही सवय तशी अलीकडची. अठराव्या शतकापर्यंत माणूस बहुधा चर्चच्या आवारात पुरला जाई आणि निवडीचा प्रश्न फारसा नसे. १८३१ साली बॉस्टनशेजारच्या केंब्रिजमध्ये माउंट ऑबर्न ही दफनभूमी सुरू झाली. तिच्यामागे मॅसॅच्युसेट्सची बागायत संस्था होती, त्यामुळे टेकड्या, वळणावळणाच्या वाटा, तळी, निवडक झाडे असा तिचा थाट बागेचाच होता. रविवारी लोक तिथे फिरायला येऊ लागले. हा नमुना भराभर पसरला आणि १८५२मध्ये मॉन्ट्रियलच्या डोंगरावर माउंट रॉयल दफनभूमी झाली. गंमत अशी, की या बागा आखणाऱ्यांना हिवाळा पक्का ठाऊक होता. थंड प्रदेशातल्या अशा दफनभूम्यांत टेकडीच्या कुशीत दगडी खोली बांधून तिला जाड लोखंडी दार बसवलेले असे. हिवाळ्यात आलेल्या शवपेट्या तिथे ठेवायच्या आणि जमीन सुटली की एप्रिल-मेमध्ये पुरायच्या, अशी ती सोय होती. बाग उन्हाळ्यासाठी आणि कोठार हिवाळ्यासाठी. गिऱ्हाइकाला मात्र बाग तेवढी दाखवली गेली.

दुसरी फॅशन तर थेट कॅलिफोर्नियातून आली. लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेंडेल इथल्या फॉरेस्ट लॉनचा कारभार १९१७ साली ह्युबर्ट ईटन यांच्याकडे आला. त्यांनी उभे दगड हद्दपार करून जमिनीला टेकलेल्या सपाट पाट्या आणल्या. हिरवळ अखंड दिसते आणि गवत कापायचे यंत्र सरळ फिरते. जिथे बर्फच पडत नाही तिथे यात काही बिघडत नाही. पण हीच पद्धत बर्फाळ राज्यांत उचलली गेली आणि तिथे डिसेंबर ते मार्च सगळी दफनभूमी एकसारखी पांढरी होते. आपल्या आईचा दगड कुठे आहे हे शोधायला कचेरीतला नकाशा आणि टोकदार सळई घेऊन एक माणूस सोबत न्यावा लागतो. तो मोजून पावले टाकतो, सळई बर्फात खुपसतो, ‘टक्’ आवाज आला की खोऱ्याने बर्फ बाजूला करतो, आणि कधी कधी शेजारच्याचे नाव निघते.

आता जमिनीकडे वळू, कारण खरा निर्णय तिच्या हातात असतो. मिनेसोटाच्या बांधकाम नियमांत घराचा पाया गोठणरेषेखाली जावा म्हणून दक्षिण भागात साडेतीन फूट आणि उत्तर भागात पाच फूट खोली धरतात. कबर साधारण तेवढीच खोल असते. मात्र एकाच आवारात सगळीकडे जमीन सारखी गोठत नाही. साचलेला भुसभुशीत बर्फ गोधडीचे काम करतो, म्हणून त्याच्याखालची माती कमी गोठते. वाऱ्याच्या तोंडावरच्या उंचवट्यावर बर्फ टिकत नाही आणि थंडी खोल शिरते. जिथून लांबवरचे दिसते म्हणून लोक हौसेने जास्त पैसे मोजतात, तीच ही जागा. दक्षिणेकडे तोंड असलेला उतार लवकर मोकळा होतो, पण तिथे दिवसा वितळणे आणि रात्री गोठणे हा खेळ जास्त वेळा चालतो आणि दगड लवकर कलतात. निर्दोष जागा नसतेच. कुठला दोष पत्करायचा एवढेच आपल्या हाती.

दगड कलण्याचे कारण पाण्याचा बर्फ होताना ते फुगते एवढेच नाही. स्टीफन टेबर या अमेरिकन भूवैज्ञानिकाने १९३०च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझिन घालून ती गोठवून पाहिली. बेंझिन गोठताना आकसते, तरीही माती वर उचलली गेली. म्हणजे खरा उद्योग वेगळाच आहे: गोठणारा थर खालच्या ओल्या मातीतून द्रव वर ओढून घेतो, त्याचे पापुद्रे साचत जातात आणि वरचे सगळे उचलले जाते. गाळाची बारीक माती याला सर्वांत अनुकूल, तर रेती-खडीच्या जमिनीत निचरा होत असल्याने हा त्रास कमी. त्यामुळे तळ्याकाठचा गाळाचा सखल प्लॉट ऑगस्टमध्ये कितीही रमणीय असो, दगडाच्या दृष्टीने तो सर्वांत वाईट.

थंडी सगळे जपून ठेवते, या समजुतीचाही इथेच निकाल लावलेला बरा. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ७८ अंश उत्तरेला लाँगयेरब्येन हे गाव आहे. ‘तिथे मरायला बंदी आहे’ ही बातमी दरवर्षी कुठे ना कुठे छापून येते. ती खोटी आहे. खरे एवढेच, की १९५०पासून तिथे शवपेटीचे दफन होत नाही, रक्षा मात्र परवानगीने पुरता येते. त्या गावात १९१८च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीत दगावलेले सात तरुण पुरलेले होते. विषाणूचा माग काढायला १९९८ साली कॅनडाच्या कर्स्टी डंकन यांच्या पथकाने त्या कबरी उघडल्या. पेट्या सापडल्या त्या जेमतेम अर्धा मीटर खोलीवर, दर उन्हाळ्यात विरघळणाऱ्या थरात, आणि देह कुजलेले. उलट अलास्कातल्या ब्रेव्हिग मिशनमध्ये त्याच साथीने ८० प्रौढांपैकी ७२ जणांचा बळी घेतला होता. तिथल्या सामूहिक कबरीत सुमारे सात फुटांवर, कायम गोठलेल्या मातीत, १९९७ साली योहान हुल्टिन यांना एका स्त्रीचे फुप्फुस शाबूत मिळाले आणि विषाणूची जनुकीय रचना जुळवता आली. दोन्हीकडे कडाक्याची थंडी आणि साथही तीच. फरक पडला तो जागेने आणि खोलीने.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप यंत्रांचा. आता जमीन गोठली म्हणून कोण अडतो? लोखंडी झाकण कबरीच्या मापाने जमिनीवर पालथे घालतात, आत गॅसचा जाळ सोडतात, रात्रभरात माती मऊ होते आणि सकाळी खोदयंत्र येते. यासाठी वेगळा आकार लागतो, पण काम होते. मान्य. पण त्या यंत्राला प्लॉटपर्यंत पोचावे लागते, आणि वाटेवरचा बर्फ हटवला जातो तो फक्त मुख्य रस्त्यांवर. आतल्या बाजूच्या उतारावरचा प्लॉट उन्हाळ्यात पाच मिनिटांवर असतो आणि जानेवारीत नसतोच. यंत्र आल्याने जागेचे महत्त्व उलट वाढले. रस्त्याला अगदी चिकटून घ्यावे असेही नाही, कारण बाजूला लोटलेल्या बर्फाचा आणि मिठाचा ढीग पहिल्या ओळीवरच पडतो. दुसरी-तिसरी ओळ बरी.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: घाई कशाला? व्हरमाँटच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या हिवाळ्यातले मृत कोठारात थांबले आणि मे महिन्यात पुरले गेले. तोवर लांबचे नातेवाईकही जमतात आणि वाट मोकळी असते. ज्यांना हे चालते त्यांनी खुशाल करावे. पण यात एकाच माणसाला दोनदा निरोप द्यावा लागतो, आणि लवकरात लवकर दफन करण्याची रीत असलेल्या इस्लाम किंवा ज्यू धर्मात तर ते बसतच नाही. क्वेबेक शहरातल्या मशिदीत २९ जानेवारी २०१७ रोजी सहा जणांची हत्या झाली, तेव्हा त्या शहरात मुस्लिमांची स्वतःची दफनभूमी नव्हती. जवळची म्हणावी तर मॉन्ट्रियलपाशी लावालला, अडीचशे किलोमीटरवर. जुलैत जवळच्या सेंट-अपोलिनेर गावी अशा दफनभूमीसाठी लगतच्या रहिवाशांचे मतदान झाले आणि १९ विरुद्ध १६ मतांनी ती नाकारली गेली. पुढे शहरानेच दुसरी जागा देऊ केली. भर हिवाळ्यात एवढ्या अंतराचा अर्थ काय, हे त्या एकोणिसांपैकी किती जणांनी मनात आणले असेल, याची शंका वाटते.

टोरांटो किंवा मिनीॲपोलिसमधला मराठी माणूस म्हणेल, आम्ही दहन करतो, आमचा यात काय संबंध? एक तर सगळे मराठी दहन करत नाहीत. लिंगायत, वसई-अहिल्यानगरकडचे ख्रिस्ती, मुसलमान, बेने इस्रायली मातीच देतात, आणि दहन करणाऱ्या घरांतही तान्ही मुले पुरतात. दुसरे म्हणजे रक्षेलाही जागा लागते. डॉ. आनंदीबाई जोशी फेब्रुवारी १८८७मध्ये पुण्यात वारल्या. त्यांची रक्षा अमेरिकेतल्या थिओडिशिया कार्पेंटर यांच्याकडे गेली आणि न्यू यॉर्क राज्यात पकीप्सीच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या प्लॉटमध्ये ठेवली गेली. तिथला उभा दगड आजही लोक शोधून काढतात. रक्षेसाठी खड्डा लहान पुरतो, पण गोठलेली जमीन लहान खड्ड्यालाही सवलत देत नाही.

मेलेल्याला कसली थंडी आणि कसली वाट, हा शेवटचा आक्षेप तर माझ्याच बाजूचा आहे. मेलेल्याला झाडही दिसत नाही आणि तळेही नाही. ज्यांना चालायचे आहे, उभे राहायचे आहे, पुढची वीस वर्षे येत राहायचे आहे, त्यांच्या पायांचा हिशेब करा. कचेरीत दृश्याची चौकशी करू नये. हिवाळ्यात दफन होते का, गोठलेली जमीन खोदण्याचा वेगळा आकार किती, बर्फ कुठवर हटवतात, उभा दगड चालतो का आणि त्याचा पाया किती खोल घालतात, हे विचारावे. आणि एक फेरी मार्चअखेर मारावी, बर्फ विरघळू लागलेला असताना. तेव्हा पाणी कुठे तुंबते, कुठले दगड कलले, कुठली वाट चिखलात गेली, हे सगळे उघडे पडलेले असते, आणि कचेरीतली मंडळी नेमकी त्याच दिवसांत ‘मे महिन्यात या, तेव्हा छान दिसते’ असे सांगत असतात.